बलून टेलिस्कोपचं व्हायब्रेशन मोजताय? या चुका टाळा

नवीन कोणी लॅबमध्ये आलं की पहिल्याच आठवड्यात एफएफटीचा प्लॉट (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती कंपन, त्याचा आलेख) घेऊन येतं आणि म्हणतं, मॅडम, स्ट्रक्चरचा मोड, म्हणजे ते स्वतःहून ज्या फ्रीक्वेन्सीला थरथरतं ती, सापडला. मी एवढंच विचारते, सॅम्पलिंग रेट किती होता, म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजलं? बहुतेक वेळा त्याचं उत्तर फाइल उघडून शोधावं लागतं, आणि मला याचंच वाईट वाटतं.

आमच्या एका गोंडोलावर (बलूनखाली दुर्बीण धरणारी फ्रेम) याच गोष्टीनं तीन आठवडे खाल्ले. फाइल छोटी राहते म्हणून लॉगर (डेटा नोंदवणारं यंत्र) सेकंदाला 100 सॅम्पलवर ठेवलेला, आणि प्लॉटमध्ये 4 हर्ट्झला टोकदार पीक, म्हणजे उंच सुळका. 4 हर्ट्झ म्हणजे आमच्या पॉइंटिंगच्या कंट्रोल लूपला (दुर्बीण नेमकी रोखून धरणारी यंत्रणा) थेट धोका, त्यामुळे सगळे हादरले, फ्रेमच्या कोपऱ्यात गसेट (मजबुतीच्या तिकोनी पट्ट्या) लावले, तिरक्या ट्यूब टाकल्या, वजन वाढलं, पण पीक जागचं हललं नाही. शेवटी एका संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्स बॉक्सच्या फॅनचं व्होल्टेज मी सहज थोडं वाढवलं, फॅन जोरात फिरायला लागला आणि पीक 4 वरून 3 वर आलं. फॅनचा वेग वाढला आणि फ्रीक्वेन्सी कमी झाली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला! फॅन सेकंदाला 96 फेरे घेत होता, आणि 100 च्या सॅम्पलिंगमध्ये 96 हर्ट्झ हे 4 हर्ट्झ होऊन दिसतं, 97 झालं की 3. शिवाय तो फॅन फक्त जमिनीवरच्या टेस्टिंगपुरता, कारण 36 किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की फॅन लावून काही थंड होत नाही. म्हणजे जो उडणारच नव्हता त्याच्यासाठी आम्ही फ्रेम जड करत बसलो होतो.

तेव्हापासून माझी सवय आहे, प्रत्येक टेस्ट दोन वेगळ्या सॅम्पलिंग रेटवर घ्यायची, एकदा 1000 आणि एकदा 1300 वगैरे. पीक जागा बदलत असेल तर ते खोटं. आणि अँटी-एलियासिंग फिल्टर (अशी खोटी पीक बनवणाऱ्या वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा) एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या, आधीच लागतो, नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही गाळलं तरी एकदा मिसळलेलं वेगळं होत नाही. "नंतर पायथॉनमध्ये बघू" हे वाक्य मला माझ्या लॅबमध्ये नको आहे.

दुसरी चूक, पेंड्युलमचा झोका ॲक्सेलरोमीटरमध्ये (त्वरण मोजणारा सेन्सर) शोधणं. बलूनखाली पॅराशूट आणि केबल धरून 60 मीटरची लांबी पकडली तर एका झोक्याला साधारण साडेपंधरा सेकंद लागतात. नेहमीचे पिझो सेन्सर एवढ्या खाली नीट मोजतच नाहीत, पण चांगला डीसी सेन्सर (अगदी संथ बदलही मोजणारा) लावला तरी आडव्या दिशेला जवळपास शून्यच येतं. घरच्या झोपाळ्यावर पाण्याचा पेला सरळ पाटावर ठेवून झोका घेऊन बघा, पाणी पाटाच्या हिशेबानं सपाटच राहतं. सेन्सरचंही तसंच, गुरुत्व आणि झोक्याचं त्वरण मिळून जो जोर उरतो तो केबलच्या दिशेनंच असतो. झोका बघायचा तर जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) बघा.

मोड शोधायला दुर्बीण ट्रॉलीवर बोल्ट करून हातोडी मारू नका, तो ट्रॉलीचा मोड निघेल. टांगा, आणि जमेल तर उड्डाणाच्याच केबलनं. बंजी (ताणणारा रबरी दोर) वापरत असाल तर माझा हिशेब सोपा आहे, वजनानं दोर 25 सेंटीमीटर ताणला गेला की वर-खाली उडी 1 हर्ट्झची होते, आणि तुमचा पहिला मोड याच्या निदान दहापट वर हवा.

सेन्सर डबल टेपनं चिकटवू नका, मेण किंवा स्टड (सेन्सर घट्ट बसवायचा स्क्रू) वापरा. सेन्सरची केबल लोंबकळती ठेवू नका. एफईएममध्ये (स्ट्रक्चरचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल) बोल्टचे जॉइंट एकसंध धरले की फ्रीक्वेन्सी नेहमी जास्तच येते. लॅबमधलं डॅम्पिंग (कंपन किती लवकर विरतं ते) वरच्या उड्डाणाला लावू नका, पातळ पॅनेल आणि बॅफलला (नको तो प्रकाश अडवणारे पडदे) हवाच आवरून धरत असते आणि वर ती नसते.

आणि आधी ठरवा, किती हललेलं चालेल? 1 मीटरच्या अंतरावर 1 आर्कसेकंद (एका अंशाचा 3600वा भाग) म्हणजे जेमतेम 5 मायक्रॉन. टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हैदराबादहून उडणारी 1 मीटरची दुर्बीण 158 मायक्रॉनच्या तरंगलांबीवर बघते, तिथे डिफ्रॅक्शनचा (प्रकाश पसरल्यानं येणारा) धूसरपणाच 40 आर्कसेकंदांच्या घरात आहे. उलट 2023 मध्ये न्यूझीलंडच्या वानाकाहून उडालेलं सुपरबिट हे बलून टेलिस्कोप दृश्य प्रकाशाच्या आसपास बघतं, तिथे एका आर्कसेकंदाचा छोटासा हिस्साही फोटो बिघडवतो. दोघांना एकच स्पेक (हलण्याची मर्यादा) लावणारे लोक मी पाहिलेत. म्हणून माझा एक सेन्सर फ्रेमवर असला तरी दुसरा कायम सेकंडरी मिररच्या माउंटवर असतो, कारण फोटो तिथे बिघडतो.

वायरिंगचा हार्नेस आणि बॅलास्टचा (उड्डाणात टाकून द्यायचं वजन) डबा लागल्यावर टॅप टेस्ट, म्हणजे हातोडीची चाचणी, परत घ्या. बॅलास्ट भरलेला एकदा, रिकामा एकदा. अर्धा दिवस जातो, जाऊ दे.