रेसचा घोडा गावी आणलाय? या चुका टाळा

पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या रेसमधून उतरलेला थरोब्रेड (रेससाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा) बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-निपाणीकडे आला की काही दिवसांतच पोटाचं नाहीतर खुराचं दुखणं निघतं. घोडा नाजूक असतो हे खरं, पण निम्मं दुखणं आपल्या सवयीतून येतं. हात बैल-म्हशीला सरावलेले, तीच रीत घोड्याला लावली जाते.

बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. त्याचं जठर ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ घमेलंभर भरडा टाकणं म्हणजे पोटशूळाला बोलावणं. एका वेळी २ किलोंच्या वर दाणा नको. लागेल तेवढा तीन-चार वेळा विभागून द्या. ४५० किलोंच्या घोड्याला रोज ७ ते ९ किलो कोरडी वैरण लागते. ओटवरून दुसऱ्या दाण्यावर यायला ७ ते १० दिवस घ्या. काम थांबलं की दाणाही कमी करा, नाहीतर तो अंगावर येतो आणि घोडा लाथा झाडायला लागतो.

गव्हाचा कोंडा पौष्टिक समजून रोज दिला जातो. त्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतं. महिनोन्महिने दिला तर हाडं कमकुवत होतात. ज्वारीचा वाळका कडबा चालेल, पण बुरशी लागलेला नको. कापणीनंतर फुटलेल्या कोवळ्या ज्वारीत घोडा सोडू नका, त्यात विष असतं. पोल्ट्रीचं खाद्य तर अजिबात नको. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांसाठी घातलेलं औषध असलं तर कोंबडीला काही होत नाही, पण घोड्याचं हृदय बंद पडू शकतं.

पोट दुखलं की घोडा पुढच्या पायाने जमीन खरवडतो, मागे वळून कुशीकडे बघतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी बाटलीने तेल पाजायची घाई गावोगाव होते, आणि तिथेच घात होतो. तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात तेल सोडतात, ते वेगळं. तुम्ही चारा-दाणा उचला आणि जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणा. शांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ असतात. ६० च्या वर गेले, किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर सकाळची वाट बघू नका.

आता नाल. बैलाला पत्री (खुराची नाल) मारताना दोरीने आडवा पाडतात. थरोब्रेडला पाडलात तर पाय मोडू शकतो. घोड्याला उभ्यानेच नाल मारतात, तेही घोड्याचं काम येणाऱ्या नालबंदाकडूनच. रेसची अ‍ॅल्युमिनियमची पातळ नाल खडीच्या रस्त्यावर टिकत नाही. लोखंडी घाला आणि दर ४ ते ६ आठवड्यांनी काढून खूर तासून घ्या. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत घोडा लंगडला आणि खूर गरम लागला, तर खिळा जिवंत भागात गेलाय असं धरा आणि तो काढून घ्या.

खानापूरकडच्या पावसात गोठ्याची जमीन ओली राहते. खूर रोज आतून खरवडा. काळा, घाण वासाचा चिखल निघाला तर तळ सडायला लागलाय. पावसानंतर रक्त पिणाऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यातून सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली सूज धरते, चारा खाऊनही घोडा वाळतो. ताप ३८.५ सेल्सियसच्या वर गेला की त्याच वेळी रक्त तपासायला द्या. ताप उतरल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सापडतीलच असं नाही.