व्यक्तिचित्रातील सावलीचा रंग

व्यक्तिचित्र रंगवताना चेहऱ्याचा उजेडातला भाग बहुतेकांना जमतो. सावलीसाठी मात्र त्याच रंगात काळा मिसळला जातो आणि गाल काजळी धरल्यासारखा मळकट दिसू लागतो. सावलीत मुख्य प्रकाश पोहोचत नाही, पण आकाश, भिंती आणि कपडे यांवरून परतलेला प्रकाश पोहोचतो व सावलीची छटा बव्हंशी त्यावरच ठरते.

म्हणून बैठकीपूर्वी खोली नीट पाहावी. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये उत्तरेकडची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण तिथला उजेड दिवसभर तुलनेने स्थिर राहतो. मात्र समोरच्या टॉवरच्या विटकरी भिंतीवर ऊन आले की तीच खिडकी तांबूस प्रकाश आत टाकते. खिडकीच्या निळसर उजेडात सावल्या सहसा उबदार भासतात, तर पिवळ्या बल्बखाली त्याच थंड, हिरवट दिसतात. खिडकी उघडी असताना दिवा लावू नये; दोन्ही प्रकाश एकमेकांच्या सावल्या पुसतात.

रंगाआधी गडद-फिकेपणा ठरवावा. डोळे किलकिले करून पाहिल्यास बारकावे विरतात आणि उजेड-सावलीचे दोनच मोठे आकार उरतात. हनुवटीखालची जागा येथे खरी परीक्षा घेते: पांढऱ्या कुर्त्यावरून परतलेला उजेड तिथे इतका ठळक वाटतो की तो गालाइतका उजळ रंगवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास जबडा मानेपासून सुटतच नाही. ती जागा उजेडातल्या सर्वांत गडद छटेपेक्षाही गडदच ठेवावी. नाकाच्या पडछायेची कड नाकाशी रेखीव आणि दूर जाताना मऊ होते. कानामागून प्रकाश आला तर पाळी लालसर उजळते. तिथे करडा रंग चालत नाही.

स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखली जाणारी पॅलेट, म्हणजे मोजक्या रंगांचा संच, सरावाला सोयीची आहे: पांढरा, येलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). यातला काळा पांढऱ्यात मिसळून ऊबदार रंगांशेजारी ठेवला की चक्क निळसर दिसतो, म्हणजे येथे तो निळ्याचे काम करतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेच्या सावलीला बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळणे मला अधिक पसंत आहे.

मोबाइलवरच्या फोटोत सावल्या बहुधा सपाट काळ्या येतात, त्यामुळे निदान सावलीचे रंग तरी समोर बसलेल्या माणसाकडे पाहूनच मिसळावेत.