फांदीपासून पट्टीपर्यंत: हापूस उतरवताना आणि पाठवताना घ्यायची काळजी

देवगड आणि जामसंडे या गावांच्या बाजारपेठेत मार्च ते मे या काळात जी उलाढाल होते, तिच्यावरच किराणा दुकानदारापासून पेट्या ठोकणाऱ्या सुतारापर्यंत बहुतेकांचे वर्ष चालते, आणि ती उलाढाल अशा एका फळावर उभी आहे जे झाडावरून उतरल्यावर आठ-दहा दिवसांत पिकते आणि त्यानंतर थांबत नाही. ज्यांच्या हाती घरची कलमे नव्यानेच आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. फवारणीचा सल्ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकातून मिळतो. येथे केवळ काढणी आणि त्यापुढील प्रवासाचा विचार केला आहे, कारण वर्षभर जपलेल्या आंब्याचे मोल या शेवटच्या टप्प्यात, काही तासांच्या हयगयीने, हातचे जाते.

हापूसला मोहोर एकाच वेळी येत नाही, तो दोन-तीन टप्प्यांत येतो, त्यामुळे एकाच कलमावर तयार फळ आणि कोवळी कैरी शेजारी शेजारी लटकलेली असते. म्हणून झाड एकदम झाडून घेऊ नये. दर तीन-चार दिवसांनी फिरून तयार फळ तेवढेच निवडावे. दूरच्या बाजारासाठी आंबा चौदा आणे तयार असावा (झाडावर पूर्ण तयार झालेला म्हणजे सोळा आणे), असे आपल्याकडे पूर्वापार मानतात. त्याची खूण अशी की देठाजवळचे दोन्ही खांदे भरून वर आलेले असतात, देठाशी किंचित खळगा पडतो आणि गडद हिरवा रंग फिका होऊ लागतो. शंका असेल तर चार-पाच फळे पाण्यात सोडून पाहावीत. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. फळ झाडावर पुरे सोळा आणे होऊ दिले, तर आत साका होण्याची शक्यता वाढते. साक्याचे दुःख असे की तो बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक आंबा कापते तेव्हाच पांढुरका, स्पंजासारखा गर दिसतो आणि दोष बागेच्या नावावर लागतो.

याच्या उलट चूकही तेवढीच महागात पडते. पाडव्याच्या सुमाराला दर चढा असतो, म्हणून आमच्या घरी एका वर्षी बारा आण्यांचे आंबे उतरवले होते. ते पिकण्याऐवजी सुरकुतले, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचा विश्वास परत मिळवायला पुढचे दोन हंगाम गेले. त्यानंतर दर पाहून झाडावर चढणे आम्ही कायमचे सोडले.

काढणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करावी. विद्यापीठाच्या नूतन झेल्याला, म्हणजे आंबे उतरवण्याच्या जाळीदार काठीला, पाते असल्यामुळे फळ देठासह कापले जाऊन जाळीत पडते. सुमारे 3 सेंटिमीटर देठ राहिलाच पाहिजे, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि त्याच जागी पुढे कूज धरते. काठीने झोडपलेला किंवा जमिनीवर आपटलेला आंबा, वरून कितीही चांगला दिसला तरी, पेटीत घालू नये. उतरवलेले फळ तापलेल्या कातळावर क्षणभरही न ठेवता थेट क्रेटमध्ये, आणि क्रेट मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, सावलीत ठेवावेत.

फळांची उष्णता निवाल्यावर वजनाप्रमाणे प्रतवारी करावी. एका पेटीत एकाच आकाराची फळे असावीत. वरच्या थरात मोठी आणि तळाशी लहान फळे भरण्याने एक पेटी खपते, पण नाव जाते. खाली भाताचा कोरडा पेंढा अंथरून, प्रत्येक थरामध्ये त्याची गादी ठेवून, फळ हलणार नाही इतके घट्ट आणि चेपणार नाही इतके सैल भरावे. नांदगाव तिठ्यापर्यंतची वळणे आणि पुढे महामार्गावरचा रात्रभराचा प्रवास हे ओझे तळच्या थरालाच सोसावे लागते. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड कोणीही, कितीही घाई असली तरी, वापरू नये. त्यावर कायद्याने बंदी आहे. घरी पेंढ्याची अढी पुरते आणि मोठ्या प्रमाणावर इथिलीनचे रायपनिंग चेंबर असते.

पेट्या वाशीच्या फळबाजारात पाठवताना हुंडेकऱ्याकडून, म्हणजे माल वाहून नेणाऱ्याकडून, पेट्यांची संख्या आणि डझन लिहिलेली पावती घ्यावी, आणि अडत्याकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, त्याच पावतीशी ताडून पाहावी. महाराष्ट्रात 2016 साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करून आडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, म्हणून पट्टीतील प्रत्येक वजावट कशाची आहे हे विचारण्यात संकोच करू नये. सगळा माल एकाच अडत्याकडे पाठवण्यापेक्षा काही पेट्या थेट गिऱ्हाइकांना द्याव्यात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली, तर परप्रांतीय आंबा देवगडच्या नावाने विकला जात असताना आपला माल वेगळा ओळखता येतो.

मेच्या उत्तरार्धात दर उतरतात, तेव्हा लहान आणि डागी पण निरोगी फळ कॅनिंगला किलोवर द्यावे. त्यासाठी पेटी आणि पेंढ्याचा खर्च करू नये. वळवाच्या सरी येऊ लागल्या की फळमाशी वाढते, म्हणून रक्षक सापळे आधीच टांगून ठेवावेत आणि झाडाखाली गळून पडलेली फळे रोजच्या रोज गोळा करून खोल पुरावीत.