डच शिकताना अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायचा?

इंग्रजी शाळेत मनावर बिंबवलेलं असतं की अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी देणं चूक. डच लिहायला बसल्यावर हा नियम बाजूला ठेवा. तिथे फोटो’स, टॅक्सी’स, मेन्यू’स असंच लिहितात आणि तेच शुद्ध आहे.

याचं कारण उच्चारात आहे, आणि ते कळलं की पाठांतर करावं लागत नाही. डचमध्ये शब्दाच्या शेवटी एकटा आलेला ए, आय, ओ किंवा यू दीर्घ उच्चारतात. त्याला थेट एस जोडला तर अक्षर बंद होतं, म्हणजे व्यंजनाने संपतं, आणि वाचणारा तो स्वर आखूड वाचेल. अपॉस्ट्रॉफी स्वराची लांबी राखतो. व्यंजनानंतरच्या वायलाही हेच लागू. म्हणून इंग्रजीत बेबीचं अनेकवचन करताना वाय जाऊन आय-ई-एस येतं, तर डचमध्ये वाय तसाच राहतो आणि पुढे अपॉस्ट्रॉफी-एस लागतो. काफेच्या शेवटच्या ई-वर मात्र आघातचिन्ह (वरची तिरकी रेघ) असतं, लांबी तेच दाखवतं, त्यामुळे तिथे नुसता एस.

मालकी दाखवतानाही हीच कसोटी. आन्नाचं पुस्तक लिहिताना अपॉस्ट्रॉफी हवा, यान नावाच्या माणसाचं पुस्तक लिहिताना नको, एस सरळ जोडा. इंग्रजीच्या सवयीने इथे चुका होतात. हान्ससारखं नाव एसनेच संपत असेल, तर शेवटी फक्त अपॉस्ट्रॉफी.

बहुतेक डच शब्दांचं अनेकवचन ई-एन लावून होतं. तिथे हा प्रश्नच येत नाही.