नवाश्मयुग बघायला निघालात? या चुका टाळा

हंपीला जाऊन आलेली मराठी माणसं पुष्कळ भेटतात. विरूपाक्ष, विठ्ठल मंदिराचा दगडी रथ, तुंगभद्रेत गोल टोपलीसारख्या होडीची फेरी, संध्याकाळी टेकडीवरून सूर्यास्त, की परतीची गाडी. त्याच हंपीहून साठेक किलोमीटरवर, बळ्ळारी शहराच्या अगदी जवळ, संगनकल्लू आणि कुपगल या गावांच्या टेकड्या आहेत. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं गुरं राखत होती, मूग-कुळीथ पेरत होती. पुढच्या पिढ्यांनी तिथे दगडी कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा उद्योगच उभा केला. दक्षिणेतलं नवाश्मयुग, म्हणजे घासलेल्या दगडी अवजारांचा आणि शेती-गुरांच्या सुरुवातीचा काळ, समजून घ्यायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

मी पहिल्यांदा गेलो तो भर दुपारी. त्यातली हिरेगुड्ड नावाची टेकडी चढलो, काळे धोंडे बघितले, काटेरी झुडपांतून वाट काढली आणि तासाभरात खाली उतरलो. ‘इथे काहीच नाही’ असं मनाशी ठरवूनही टाकलं. ज्या दगडी कपच्यांवरून मी करकर पाय वाजवत चाललो होतो, तोच त्या कारखान्याचा पसारा होता, हे मला रात्री वाचताना कळलं. त्यानंतर अनेकांबरोबर गेलो आणि पाहिलं की सगळे साधारण त्याच चुका करतात.

उभे दगड शोधत बसू नका

इंग्लंडचं स्टोनहेंज, उभ्या दगडांचं ते वर्तुळ, आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की नवाश्मयुग म्हटलं की नजर उभे दगड शोधते. स्टोनहेंज नवाश्मयुगातलं आहे, आयर्लंडचं न्यूग्रेंजही आहे, पण ते तिकडचं. आपल्याकडचे महाअश्म, म्हणजे शिळावर्तुळं आणि दगडी पेट्या, बहुतांश लोहयुगातले आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची आणि माहुरझरीची वर्तुळं पाहून ‘विदर्भातलं नवाश्मयुग’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. त्या वर्तुळांखाली लोखंडाची अवजारं आणि घोड्यांचे अवशेष निघालेत. लोखंड निघालं की प्रश्न मिटतो. हंपीच्या बाजूला गंगावतीजवळ हिरेबेनकलला टेकडीवर दगडी घरांसारखी शेकडो बांधकामं आहेत. ती विलक्षण आहेत, जरूर बघा, पण नवाश्मयुगाच्या वहीत लिहू नका.

हा क्रम नीट लावला गेला तो चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या ब्रह्मगिरीला, १९४७ साली, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात. खाली दगडी कुऱ्हाडींचे थर, त्यावर महाअश्मवाल्यांचे. क्रम बरोबर निघाला, तारखा मात्र चुकल्या. दगडी कुऱ्हाडींचा काळ त्यांनी इ.स.पू. पहिल्या सहस्रकात धरला. पुढे कार्बन चाचण्या होऊ लागल्या आणि तोच काळ थेट इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात गेला. व्हीलरांसारख्या माणसाचा अंदाज हजार-दीड हजार वर्षांनी चुकू शकतो, तर एका फोटोवरून तारीख सांगणाऱ्याचं काय!

महाराष्ट्रात नवाश्मयुग कुठे, हा प्रश्नच जरा बदला

इनामगाव, जोर्वे, दायमाबाद, नेवासे यांना सर्रास नवाश्मयुगीन म्हटलं जातं. ही ताम्रपाषाणयुगातली गावं. तांबं थोडं का होईना वापरात होतं, भांडी चाकावर होत होती. दगडी पाती सापडली म्हणून नवाश्मयुग होत नाही. इनामगावातही चकमकीच्या जातीच्या दगडाची पाती ढिगांनी निघाली. जोर्व्याचं भांडं नारिंगी-तांबडं, वर काळी नक्षी, आणि टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. नवाश्मयुगातलं राखी रंगाचं भांडं हातानं घडवलेलं, घोटून चकचकीत केलेलं. तुटक्या खापरीची आतली बाजू बघा: चाकाच्या बारीक समांतर रेघा तिथे दिसत नाहीत, बोटांनी दाबल्याचा उंचसखलपणा लागतो.

नातं मात्र आहे. लहान मूल गेलं की मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरायची रीत दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन गावांतही दिसते आणि इनामगावातही. इनामगावात दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत. पुण्यात असाल तर बळ्ळारीच्या आधी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघा. फरक आणि साम्य दोन्ही डोळ्यांत बसतात.

राखेला ज्वालामुखी समजू नका, आणि राक्षसही

माझ्या मते दक्षिणेतल्या नवाश्मयुगाची सगळ्यात मोठी ठेव म्हणजे राखेची टेकाडं, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्यांच्याविषयीच. कन्नडमध्ये राखेला बूदी म्हणतात. बळ्ळारी–होसपेटे रस्त्यावर कुडतिनीजवळ असं एक टेकाड आहे. भीमानं मारलेल्या हिडिंबासुराची ती राख, असं लोक सांगत आले. हंपीच्या परिसरात निंबापूरला दुसरं आहे, ते वालीच्या चितेचं. किष्किंधा तिथेच मानतात, त्यामुळे ही गोष्ट तिथे शोभतेही. शिकलेल्यांचे तर्कही कमी नव्हते. कुणी ज्वालामुखी म्हणालं, कुणी लोखंडाच्या भट्टीचा मळ, कुणी सामुदायिक दहन.

भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की हे गुरांचं शेण आहे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांनी आज तेलंगणात असलेल्या उतनूरला खोदलं. तिथे लाकडी कुंपणाच्या खांबांचे खळगे मिळाले आणि जमिनीत गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ओल्या गोठ्यात उमटलेलं खूर! पुढे १९६० साली झॉयनर यांनी टेकाडांतले नमुने तपासले आणि शेणाची गोष्ट पक्की झाली. गोठ्यात साठलेलं शेण पुन्हा पुन्हा पेटवलं जात होतं, एकदाच नव्हे. ऑलचिन यांनी याचा संबंध सणाला गुरं आगीवरून नेण्याच्या रिवाजाशी जोडला. कर्नाटकात म्हैसूरकडे संक्रांतीला आजही गुरं जाळावरून उडी मारून नेतात.

इथे आणखी एक चूक होते: टेकाड म्हणजे नुसता गोठा असं धरून पुढे जायची. डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी शोरापूर भागात बूदिहाळला खोदलं, तेव्हा राखेच्या टेकाडाला लागून वस्ती निघाली, मुलांची दफनं निघाली, आणि जनावरं कापायची एक खास जागाही निघाली, हाडं आणि दगडी हत्यारं जिथल्या तिथे. माणसं तिथे राहत होती.

प्रत्यक्ष ओळखायचं कसं? भट्टीचा मळ हातात जड लागतो, काळा असतो, अनेकदा गंजाची लाली दाखवतो. जळून वितळलेलं शेण हलकं, राखी-पांढरट, आत बुडबुड्यांची भोकं, काही तुकडे काचेसारखे. टेकाडाची बाजू कुठे उघडी पडली असेल तर थरांवर थर दिसतात, मऊ राखेचा, मग कडक वितळलेला, मग परत मऊ. बघायचं ते हे. तिथे खुरपं चालवायचं नाही. ही राख गाड्या भरभरून शेतांत आणि बांधकामाला गेलेली आहे. उरलंय ते थोडं आहे.

प्रत्येक गुळगुळीत दगड कुऱ्हाड नसतो

‘ही बघा मला कृष्णेत सापडलेली कुऱ्हाड’ असे फोटो मला येतात. दहातले नऊ नदीचे गोटे असतात. आपला बेसाल्ट हवापाण्यानं कांद्यासारखा पापुद्रे सोडत झिजतो आणि आत गोल, हातात मावणारा गाभा उरतो. तो घडवल्यासारखा दिसतो, पण घडवलेला नसतो. नदीचा गोटा सगळीकडून सारखा झिजलेला असतो. कुऱ्हाडीचं तसं नसतं: धारेकडे दोन्ही बाजूंनी घासून आणलेल्या उतारांच्या पातळ्या असतात, धार सरळ किंवा किंचित कमानदार असते, आणि मागचा भाग बहुतेकदा टोचून-टोचून खडबडीत ठेवलेला असतो.

हिरेगुड्डवर हे सगळे टप्पे एकाच जागी दिसतात, म्हणून तर तिथे जायचं. ग्रॅनाइटच्या टेकडीतून डोलेराइट नावाच्या काळ्या दगडाची शीर गेली आहे. ग्रॅनाइट चांगला कपचत नाही, डोलेराइट कपचतो. म्हणून माणसं त्या शिरेवर येऊन बसली. आधी मोठा तुकडा फोडायचा, मग कपच्या काढून आकार, मग टोचणं, मग ग्रॅनाइटच्या कातळावर पाणी टाकून घासणं. घासून घासून कातळात लांबट चर पडले आहेत. त्यात बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं. वाटाड्या कुणी त्यांना ऋषीच्या गुडघ्यांच्या खुणा म्हणेल, त्याला विरोध करू नका, पण वहीत ‘घासण्याचे चर’ लिहा. इ.स.पू. १४०० ते १२००च्या सुमारास इथलं काम सगळ्यात जोरात होतं.

खरी कुऱ्हाड अनेकदा भेटते ती देवळात. पिंपळाखाली, मारुतीपाशी, ग्रामदेवतेच्या ओट्यावर शेंदूर लावून ठेवलेली. शेतात नांगराला लागली, वीज पडलेला दगड म्हणून कुणीतरी आणून ठेवली. ती उचलू नका, शेंदूर खरवडू नका. ती तिथे पूजेत आहे आणि सुरक्षित आहे.

गव्हाची शेतं आणि जातं

शाळेतल्या चित्रांत नवाश्मयुगीन बाई जात्यावर गहू दळते. जातं फार नंतरचं. त्या काळी होता तो पाटा, मधे खोलगट होत गेलेला, आणि वर मागेपुढे सरकवायचा दगड. गहू-जवाचे दाणे दक्षिणेत मिळतात, पण थोडे, आणि ती पिकं बाहेरून आलेली. रोजचं खाणं होतं मूग, कुळीथ आणि बारीक तृणधान्यं, त्यातलं एक कन्नड शेतकरी आजही कोरले नावानं पेरतात. हे कळलं ते साध्या युक्तीनं: खोदलेली माती पाण्यात कालवायची, जळालेले दाणे हलके म्हणून वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. संगनकल्लूचा कोळसा झालेला कुळथाचा दाणा ताटातल्या कुळथासारखाच दिसतो, थोडा लहान. कोकणातल्या घरात कुळथाचं पिठलं होतं तेव्हा मला तो दाणा आठवतोच.

तारखांचा घोळ

‘इ.स.पू. ३०००’ आणि ‘३००० वर्षांपूर्वी’ यांत दोन हजार वर्षांचा फरक आहे, तरी बातम्यांत एकाच्या जागी दुसरं बिनदिक्कत येतं. इंग्रजी लेखांत ‘बीपी’ दिसलं तर ती वर्षं १९५० पासून मागे मोजलेली असतात. जुन्या अहवालातली कार्बन तारीख कॅलिब्रेट केलेली, म्हणजे प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून घेतलेली, नसेल तर नव्या तारखेशी तिची थेट तुलना करू नका. दक्षिणेतल्या नवाश्मयुगासाठी इ.स.पू. ३००० ते १२०० हा ढोबळ पट्टा लक्षात ठेवा.

चित्रांची तारीख तर त्याहून अवघड. कुपगलच्या धोंड्यांवर लांब शिंगांचे बैल कोरले आहेत, आणि त्यांच्या शेजारी, कधी अंगावरच, कालपरवाची नावं. गोव्यात उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली जनावरं आणि चक्रव्यूह, किंवा रत्नागिरीची कातळशिल्पं, यांच्याबद्दल ‘अमुक हजार वर्षं’ असा ठाम आकडा कुणी दिला तर आधी विचारा, कशावरून?

हात लावण्याआधी

कुपगलला डोलेराइटचे काही धोंडे लहान दगडानं ठोकले की घंटेसारखे घुमतात. ठोकून ठोकून त्यांवर वाटीएवढे खळगे पडले आहेत, म्हणजे हा आवाज तेव्हाच्या माणसांनाही ठाऊक होता. तिथे गेल्यावर हात शिवशिवतात. तरी ठोकू नका. प्रत्येक घाव जुन्या खुणेवर नवी खूण करतो. खाणकामानं या टेकडीचं नुकसान आधीच पुष्कळ केलंय. फोटोसाठी रेघांत खडू भरणं, पाणी किंवा तेल ओतणं हेही तितकंच वाईट.

कपची खिशात घालू नका. खिशात आली की ती नुसता दगड झाली. ती शिरेजवळ पडली होती की घराच्या जमिनीवर, यातच तिची सगळी माहिती होती. स्वतःच्या शेतात काही लागलं तर जागचं न हलवता फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्या आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत लपलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८चा निखात निधी कायदा सांगतो, आणि तो अजून लागू आहे.

जायचंच ठरलं तर आधी बळ्ळारीतलं रॉबर्ट ब्रूस फूट संगनकल्लू पुरातत्त्व संग्रहालय बघा, म्हणजे टेकडीवर काय शोधायचं ते कळेल. मुक्काम बळ्ळारीतच करा आणि उजाडताच टेकडीवर पोहोचा. सूर्य खाली असतो तोवर तिरप्या उन्हात कोरीव रेघेला सावली धरते. समोरचा काळा धोंडा नुसता धोंडा वाटत असतो, आणि दोन पावलं डावीकडे सरकलं की आधी एक शिंग दिसतं, मग वशिंड, मग अख्खा बैल. ऊन चढलं की तो परत धोंड्यात जातो.