पूर ओसरल्यावर बोटीचं इंजिन ठेवायचं कसं

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या, बरीच खाली गेली की गावची बचाव बोट शेडमध्ये जाते आणि पुढच्या जुलैलाच आठवते. मधल्या काळात इंजिनाचं वाटोळं होतं ते बहुतेक आत राहिलेल्या पेट्रोलमुळं. परदेशी व्हिडिओ बघून अँटीफ्रीझ ओतू नका, कोल्हापुरात इंजिनातलं पाणी गोठत नाही. पुढची माहिती २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या, कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागं टांगायच्या इंजिनाची, आहे.

पंखा (प्रोपेलर) काढा. इंजिनाचा खालचा भाग स्वच्छ पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवा आणि न्यूट्रलमध्ये, कमी रेसवर १०-१५ मिनिटं चालवा. पुराच्या पाण्यातला बारीक गाळ असाच निघतो. पाण्याबाहेर क्षणभरही चालवू नका, वॉटर पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, जळतो.

आता खरं काम. इंजिन बॅरलमध्ये चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा आणि ते आपोआप बंद पडू द्या. अडखळायला लागलं की रेस वाढवू नका. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच येतं, ते संपत असताना रेस दिली तर पिस्टन कोरडा घासतो. बहुतेक जण इथंच थांबतात आणि ‘कार्बोरेटर रिकामा झाला’ म्हणतात. तो झालेला नसतो. कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या तळाशी थोडं उरतंच. पेट्रोल उडून जातं, मागं चिकट थर राहतो आणि जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, बारीक भोक बुजतं. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यानं वाटीत गंज धरतो.

म्हणून प्रत्येक वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडाच. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्हींचा. पितळी स्क्रू असतो, बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच जाते. निघालेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धरा. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकी आणि फिल्टरही साफ करायला लागतील. जेट आधीच बुजलं असेल तर कार्ब क्लीनर आणि हवेचा प्रेशर वापरा. तार घालू नका, भोक मोठं होतं. एकाच सिलिंडरला पेट्रोल कमी पडत असेल तर रिकाम्या बोटीत काही कळत नाही. माणसं भरून धारेविरुद्ध फुल्ल रेस दिली की तोच पिस्टन जाम होतो.

टाकी आणि नळीवरचा रबरी बल्बही रिकामा करा. ऑइल मिसळलेलं पेट्रोल पुढच्या वर्षासाठी साठवू नका, ब्रश कटरमध्ये संपवा, त्याचं ऑइलचं प्रमाण बघून.

इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, स्पार्क प्लग खोला, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडा, दोरी सावकाश चार-पाच वेळा ओढा, प्लग परत बसवा.

गिअर ऑइल आत्ताच बदला, जूनमध्ये नव्हे. दुधाळ निघालं तर सील गेलंय. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. वॉशर नवे टाका. पंख्याच्या शाफ्टवरची जलपर्णी आणि नायलॉनची दोरी कापून ग्रीस लावा.

इंजिन उभंच ठेवा. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर पुरे. ‘आठवड्याला दोन मिनिटं चालू करा’ हा सल्ला तर ऐकूच नका. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, आत ओल धरते आणि रिकाम्या केलेल्या वाटीत परत पेट्रोल भरतं.

मे अखेरीस ताजं पेट्रोल घालून बॅरलमध्ये चालवा. मागच्या भोकातून पाण्याची धार जोरात येत नसेल तर आधी भोकातला कचरा काढा, तरीही कमीच असेल तर इंपेलर बदला.