टाळूवरच्या न जाणाऱ्या खपल्या: शेवटी काय लागू पडलं

लक्षण असं: कानामागे आणि मानेच्या वर बारीक पुळ्या. फुटल्या की लस येते, पिवळसर तेलकट खपली धरते. ती निघाली की तिथेच पुन्हा. अँटिबायोटिक मलमाने तात्पुरतं बरं वाटे, तेलाने खपल्या मऊ पडत पण खाज वाढे. अगदी वैताग आला होता.

त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेच्या तेलकट भागांवर होणारा दाह, सांगितलं. यात मॅलॅसेझिया या यीस्टचा (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) हात असतो, आणि ते तेलकटपणावर पोसतं.

लागू पडलं ते २ टक्के कीटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) शाम्पू, आठवड्यातून दोनदा, ४ आठवडे. आधी साध्या शाम्पूने तेल काढायचं. मग भांग पाडत पाडत औषधी शाम्पू बोटांच्या पेरांनी थेट टाळूला लावायचा, नुसता केसांना नव्हे. घड्याळ लावून ५ मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. बहुतेकांचं इथेच फसतं. फेस झाला की लगेच पाणी ओततात, औषधाला वेळच मिळत नाही. नखं अजिबात लावू नका, ओरबाडलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो. बरं वाटल्यावरही एक-दोन आठवड्यांतून एकदा चालू ठेवा, नाहीतर उलटतं.

केस जाऊन चट्टे पडत असतील तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं, शाम्पू पुरत नाही. एकच जखम भरत नसेल, रक्त येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.